आजीच्या गाठोड्यातले राजे: खानदेशातल्या घरोघरची जुनी नाणी कशी ओळखावीत, जपावीत आणि विकावीत

लक्ष्मीपूजनाच्या रात्री आमच्या अमळनेरच्या घरी एक लाल कापडाचं गाठोडं उघडलं जायचं. आजी एकेक रुपया हळद-कुंकवाच्या ताटात मांडायची आणि म्हणायची, "हाऊ रुप्या राणीना शे." तिला वाचता येत नव्हतं, पण बोटानं चाचपून ती राणी आणि राजा वेगळे काढायची. आजी गेल्यावर त्या गाठोड्यातले चाळीसेक रुपये तोरड्या करण्यासाठी आटवले गेले. तेव्हा घरात कोणीही त्यांच्याकडे नीट पाहिलं नाही, मीही नाही. त्यात कोणत्या साली पाडलेली, कुठल्या टांकसाळीतली नाणी होती, हे आता कळायला मार्ग नाही. दुसऱ्या घरात असं होऊ नये म्हणून हे लिहितो आहे.

जळगाव, धुळे, नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत असं गाठोडं, डबा किंवा निदान चार रुपये असलेली घरं अजून पुष्कळ आहेत. सातपुड्यातल्या पावरा आणि भिल्ल बायांच्या गळ्यात रुपयांच्या माळा आहेत, होळीआधीच्या भोंगऱ्याच्या बाजारात त्या आजही दिसतात. ही नाणी एवढी का उरली? ब्रिटिश सरकारनं दुसऱ्या महायुद्धात, १९४१ ते १९४३ या काळात, चांगल्या चांदीचे जुने रुपये क्रमाक्रमानं चलनातून बाद केले. आधी राणीचे, मग एडवर्डचे, मग जॉर्जचे. आज घरात जे आहेत ते त्या वेळी कोणीतरी, बहुतेक वेळा घरातल्या बाईनं, जमा न करता मागे ठेवलेले आहेत. म्हणून डबा उघडताना घाई करू नका.

आधी मांडणी

पांढरी चादर किंवा पंचा अंथरा. खिडकीजवळ बसा, ट्यूबलाइटखाली नको. एका बाजूनं तिरपा पडणारा उजेड असला की झिजलेली अक्षरंही उठून दिसतात. हाताशी भिंग, साधा लोहचुंबक आणि स्वयंपाकघरात वा दुकानात वापरतात तो ग्रॅमचा डिजिटल काटा असावा. काट्यावर दशांश चिन्हानंतर दोन आकडे दिसले तर उत्तम. नाणं कडेनं धरा, चेहऱ्यावर बोट ठेवू नका.

एक गोष्ट कळकळीनं सांगतो: काहीही घासू नका. चिंच, राख, रांगोळी, टूथपेस्ट यांतलं काहीही लावू नका. चांदीवर चढलेला काळसर थर हा मळ नसतो. तो निघाला की नाण्याची किंमत उतरते आणि बारीक नक्षी कायमची जाते. फारच माती असेल तर कोमट पाण्यात बुडवून मऊ सुती कापडानं टिपून घ्या.

चेहरा कुणीकडे बघतोय?

इंग्रजी येत नसलं तरी राजा ओळखता येतो. ब्रिटिश टांकसाळीत एक प्रथा होती: नव्या राजाचं तोंड आधीच्या राजाच्या उलट दिशेला. त्यामुळे दिशा, डोक्यावरचा मुकुट आणि दाढी या तीन खुणांवर सगळा उलगडा होतो.

उजवीकडे तोंड, मुकुट नाही, दाढी नाही, गाल भरलेले: हा चौथा विल्यम. डावीकडे तोंड असलेली बाई: व्हिक्टोरिया राणी. उजवीकडे तोंड, डोक्यावर टक्कल आणि दाढी: सातवा एडवर्ड. डावीकडे तोंड, मुकुट आणि दाढी: पाचवा जॉर्ज. डावीकडे तोंड, मुकुट आहे पण दाढी-मिशी काही नाही: सहावा जॉर्ज.

आता नावाशेजारच्या रोमन आकड्यावर भिंग धरा. चार उभ्या रेघा असल्या तर चौथा विल्यम. व्हीसारखा आकार एकटा असेल तर पाचवा, त्याच्यापुढे एक रेघ असेल तर सहावा, दोन रेघा असतील तर सातवा. माझ्या मावशीनं हे दहा मिनिटांत शिकून स्वतःच्या डब्यातले सव्वीस रुपये एकटीनं वेगळे केले.

पाचव्या आणि सहाव्या जॉर्जमध्ये एक दिशा चुकल्यासारखी दिसते, कारण दोघंही डावीकडे बघतात. त्याचं उत्तर मधल्या राजात आहे. आठवा एडवर्ड २० जानेवारी १९३६ ला गादीवर आला आणि त्याच वर्षी ११ डिसेंबरला वॉलिस सिम्पसनशी लग्न करण्यासाठी त्यानं गादी सोडली. प्रथेप्रमाणे त्याचं तोंड उजवीकडे असायला हवं होतं, म्हणून त्याच्या भावाचं, म्हणजे सहाव्या जॉर्जचं, पुन्हा डावीकडे आलं. त्याच्या चेहऱ्याचा भारतीय रुपया कधी चलनात आलाच नाही. कुणी तुम्हाला आठव्या एडवर्डचा रुपया विकायला आणला तर तो मागाहून बनवलेला तुकडा आहे, घेऊ नका.

राजाराणी नाण्यावर आणि नाण्याबाहेर

विल्यमपासून सुरुवात करतो, कारण सगळ्या कंपनी मुलखात एकसारखा रुपया त्याच्याच नावानं सुरू झाला. १८३५ च्या कायद्यानं १८० ग्रेन वजनाचा, म्हणजे ११.६६ ग्रॅमचा, बारा भागांत अकरा भाग चांदी असलेला रुपया ठरला. त्याआधी खानदेशात वेगवेगळ्या टांकसाळींचे रुपये चालत आणि प्रत्येकाला बट्टा वेगळा. विल्यम तेराव्या वर्षी आरमारात गेला होता, म्हणून त्याला खलाशी राजा म्हणत. वडील भाऊ गेल्यावर १८३० मध्ये, वयाच्या चौसष्टाव्या वर्षी, तो गादीवर आला. डोरोथिया जॉर्डन या नटीपासून त्याला दहा मुलं झाली, पण लग्नाच्या राणीपासून झालेल्या दोन्ही मुली तान्हेपणीच गेल्या. त्यामुळे गादी पुतणीकडे गेली.

ती पुतणी व्हिक्टोरिया. २० जून १८३७ ला राणी झाली तेव्हा ती अठरा वर्षांची होती. तिचे रुपये तीन रूपांत सापडतात आणि इथे जरा थांबायला हवं, कारण खानदेशातल्या गाठोड्यात सर्वांत जास्त हीच निघतात. १८४० साल छापलेल्या रुपयावर ती तरुण आहे, डोक्यावर मुकुट नाही, केस फितीनं बांधलेले. मागे ईस्ट इंडिया कंपनीचं नाव. हे साल वीस वर्षांहून जास्त काळ न बदलता छापलं गेलं. १८५७ चं बंड मोडल्यावर कंपनीचा कारभार गेला आणि १८६२ च्या रुपयावर राणी मुकुट घालून, भरजरी पोशाखात आली. नाव मात्र व्हिक्टोरिया क्वीन, म्हणजे राणी, असंच. १ जानेवारी १८७७ ला दिल्ली दरबारात तिला हिंदुस्थानची सम्राज्ञी जाहीर केलं, तेव्हापासून क्वीनच्या जागी एम्प्रेस शब्द आला. तुमच्याकडे दोन मुकुटवाल्या राण्या असतील तर नावातला दुसरा शब्द बघा. पाच अक्षरी आखूड शब्द आधीचा, सात अक्षरी लांब शब्द नंतरचा.

१८६२ च्या रुपयाबद्दल आमच्याकडे एक गोष्ट हमखास सांगितली जाते: "हे कापसाचे रुपये." अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी युद्ध झालं, तिथला कापूस लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेना, आणि खानदेशच्या कापसाला कधी नव्हता असा भाव आला. चांदी त्या काळात खरंच आली. पण १८६२ हे सालही गोठवलेलं आहे, १८७४ पर्यंत तेच छापत राहिले. तुमचा रुपया तेजीत आलेला असेल किंवा १८६५ नंतर भाव कोसळून शेतकरी कर्जात रुतले त्या काळातलाही असेल. सालाच्या खाली किंवा मागच्या बाजूला वरती बारीक ठिपके आहेत का ते भिंगातून मोजा. रुपया खरोखर कोणत्या वर्षी पाडला याच्या त्या खुणा आहेत. ठिपक्यांची संख्या जशी बदलते तशी संग्राहकांकडची किंमतही बदलते. त्यामुळे १८६२ चे सगळे रुपये एकाच ढिगात टाकू नका.

राणी हिंदुस्थानात कधी आली नाही. १८६१ च्या डिसेंबरात नवरा अल्बर्ट गेला आणि पुढची चाळीस वर्षं तिनं काळे कपडे घातले. १८८७ पासून आग्र्याचा अब्दुल करीम तिला हिंदुस्थानी शिकवायचा आणि ती वहीत उर्दू अक्षरं गिरवायची. हे कळल्यावर मला तो चेहरा पहिल्यांदा माणसाचा वाटला. २२ जानेवारी १९०१ ला ती वारली.

तिचा मुलगा एडवर्ड गादीवर आला तेव्हा एकोणसाठ वर्षांचा होता. आईनं राज्यकारभारापासून त्याला लांबच ठेवलं होतं. पण युवराज असताना १८७५-७६ मध्ये तो हिंदुस्थानभर फिरला आणि इथले इंग्रज अंमलदार लोकांशी ज्या उद्धटपणे वागतात त्याबद्दल त्यानं घरी पत्रातून तक्रार केली होती. राज्याभिषेक २६ जून १९०२ ला ठरला होता, आंत्रपुच्छाच्या (अपेंडिक्सच्या) आजारानं तो ९ ऑगस्टवर गेला. त्याचा रुपया १९०३ ते १९१० एवढाच. १९०७ पासून त्याचं नागमोडी कडेचं एक आण्याचं नाणं निघालं. ते चांदीचं नाही, तांबं-निकेलचं आहे, आणि त्याच्यावर राजाला मुकुट आहे. मागे देवनागरी, उर्दू, बंगाली आणि तेलुगू अशा चार लिप्यांत मोल लिहिलंय.

पाचवा जॉर्ज हा धाकटा मुलगा, आरमारात वाढलेला. थोरला भाऊ १८९२ मध्ये वारला आणि त्याची वाग्दत्त वधू मेरी हिच्याशीच जॉर्जचं पुढच्या वर्षी लग्न झालं. सम्राट असताना हिंदुस्थानात आलेला हा एकटाच. मुंबईला अपोलो बंदरावर तो २ डिसेंबर १९११ ला उतरला, तिथे नंतर गेटवे ऑफ इंडिया उभं राहिलं. १२ डिसेंबरला दिल्लीत दरबार भरला आणि राजधानी कलकत्त्याहून दिल्लीला नेण्याची घोषणा झाली.

त्याच साली निघालेला १९११ चा रुपया डब्यात असेल तर बाजूला काढा. राजाच्या झग्यावर साखळीत गुंफलेला हत्ती आहे. सोंड आखूड दिसल्यानं लोकांना तो डुकरासारखा वाटला आणि ओरड झाली. चौऱ्याण्णव लाखांच्या आसपास रुपये पाडले होते, त्यातले सातेक लाखच बाहेर गेले, बाकीचे वितळवले. १९१२ पासून हत्तीची सोंड आणि कान नीट केले. दोन्ही सालांचे रुपये शेजारी ठेवून भिंगातून पाहा, फरक स्पष्ट दिसतो. १९२१ आणि १९२२ सालही सहसा मिळत नाही.

सहावा जॉर्ज लहानपणापासून अडखळत बोलायचा, लायनल लोग नावाच्या शिक्षकानं त्याला बोलायला मदत केली. भावानं सोडलेली गादी त्याला इच्छा नसताना घ्यावी लागली. त्याचा हिंदुस्थानातला दरबार ठरूनही कधी भरला नाही. त्याच्या रुपयावर चांदीच्या हिशेबानं सर्वांत जास्त लक्ष द्यावं लागतं, ते पुढे सांगतो.

देवनागरी नाव दिसलं तर

आता माझ्या सर्वांत जवळचं नाणं. गाठोड्यात कधीकधी असा रुपया निघतो ज्याच्यावर पागोटं घातलेला तरुण आहे आणि भोवती देवनागरीत श्री सयाजीराव गायकवाड असं लिहिलंय. हा बडोद्याचा. साल विक्रम संवतातलं असतं, त्यातून ५७ वजा करा: संवत १९४९ म्हणजे साधारण इ. स. १८९२. बडोदा संस्थानाची हद्द नवापूरच्या पलीकडे लागायची, त्यामुळे नंदुरबारकडे ही नाणी येणं साहजिक आहे.

हा राजा आपल्या शेजारचा. १८६३ मध्ये मालेगाव तालुक्यातल्या कौळाण्यात शेतकऱ्याच्या घरी गोपाळराव म्हणून जन्मला. मल्हाररावांना इंग्रजांनी पदच्युत केल्यावर १८७५ मध्ये महाराणी जमनाबाईंनी त्याला दत्तक घेतलं. १९०६ मध्ये त्यानं संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं, १९१३ मध्ये आंबेडकरांना परदेशी शिकायला शिष्यवृत्ती दिली. १९११ च्या दिल्ली दरबारात पाचव्या जॉर्जसमोर तो जेमतेम एकदा लवला आणि पाठ फिरवून गेला, यावरून इंग्रजी वर्तमानपत्रांत मोठा गदारोळ झाला. तुमच्या डब्यात १९११ चा जॉर्ज आणि सयाजीराव दोन्ही असतील तर त्या दिवशी समोरासमोर आलेले दोन माणसं तुमच्या पंचावर शेजारी शेजारी आहेत.

वजन, चुंबक, कड

जुना रुपया ११.६६ ग्रॅमचा, म्हणजे नेमका एक तोळा. "रुपयाभार" हे माप त्यातूनच आलं. आज सराफ दहा ग्रॅमला तोळा म्हणतात, त्यामुळे आजीचा तोळा आणि दुकानातला तोळा यांत गल्लत करू नका. अधेली (आठ आणे) ५.८३, पावली (चार आणे) २.९२, चवली (दोन आणे) १.४६ ग्रॅम. झिजेनं थोडं कमी भरेल, पण रुपया अकरा ग्रॅमच्या बराच खाली गेला तर शंका घ्या.

विल्यमपासून १९३९ पर्यंतच्या रुपयात शुद्ध चांदी सुमारे १०.६९ ग्रॅम. १९४० पासून १९४५ पर्यंतच्या सहाव्या जॉर्जच्या रुपयात वजन तेवढंच, पण चांदी निम्मी, ५.८३ ग्रॅम. उरलेलं तांबं, निकेल आणि जस्त. याची खूण कडेवर आहे: दात्यांच्या मधोमध खोलगट रेघ फिरते. जुन्या रुपयाला नुसते सरळ दाते असतात. १९४७ चा मागे वाघ असलेला रुपया तर पूर्ण निकेलचा, तो चुंबकाला चिकटतो. चांदी कधीच चिकटत नाही. चुंबकाला चिकटणारी राणी निघाली तर ती खोटी.

सहाव्या जॉर्जचा १९३९ चा रुपया फार दुर्मीळ आहे, म्हणून त्याचे नकली तुकडे आणि साल खोडून केलेले रुपये बाजारात येतात. शेवटच्या आकड्याभोवती कोरल्याच्या खुणा दिसतात का ते पाहा. सालाजवळ इंग्रजी एल अक्षर असेल तर तो लाहोरच्या टांकसाळीचा, पाचव्या जॉर्जच्या सालाखाली फुलाजवळ उठावाचा ठिपका असेल तर मुंबईचा, काहीच नसेल तर कलकत्त्याचा.

माळेतल्या रुपयाला कडी लावलेली असते किंवा डाख दिलेला असतो. संग्राहक असा रुपया घेत नाही, चांदीच्या भावातच तो जातो. डाख काढायला जाऊ नका, खळगा पडतो. माळ अख्खी ठेवा. ती दागिना म्हणून महत्त्वाची आहे.

विकायचंच असेल तर

आधी सगळ्या नाण्यांचे दोन्ही बाजूंचे फोटो काढा. मग ढीग वेगळे करा: पूर्ण चांदीचे, निम्म्या चांदीचे, निकेलचे, आणि १८३५, १९११, १९३९ किंवा बडोद्यासारखे वेगळे. जळगावच्या सराफ बाजारात चांदीचा भाव मिळेल, पण वेगळ्या ढिगातला एकही रुपया तिथे मोडीत देऊ नका. तो नाण्यांच्या जाणकाराला किंवा लिलाव करणाऱ्या संस्थेला दाखवा. सराफानं सगळ्यांना एकच भाव लावला तर निम्म्या चांदीचे बाजूला करून पूर्ण चांदीच्या रुपयांचा वेगळा हिशेब मागा.

मोबाइलवर जुन्या नाण्याचे लाखो रुपये देऊ म्हणणारे आणि त्यासाठी आधी शुल्क किंवा कर भरायला सांगणारे फसवे असतात. रिझर्व्ह बँकेच्या नावानं असे निरोप फिरतात, आणि बँकेनं २०२१ मध्ये लोकांना त्याबद्दल सावध केलं आहे. कुणालाही एक पैसा आगाऊ देऊ नका. शंभर वर्षांहून जुनं नाणं परवान्याशिवाय परदेशी पाठवता येत नाही. शेतात नांगरताना मडकं निघालं तर ते घरचं गाठोडं नव्हे: १८७८ च्या गुप्तधन कायद्याप्रमाणे दहा रुपयांहून जास्त किमतीचं सापडलेलं धन जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं.

ठेवायचं असेल तर

हे माझं मत: शक्यतो ठेवा. पातळ प्लॅस्टिकच्या पिशवीत नको, तिच्यातून सुटणारं द्रव्य चांदीला चिकटतं. रबरबँड तर अजिबात नको, काळा वळ उठतो. प्रत्येक रुपया धुतलेल्या सुती कापडात किंवा साध्या कागदी पाकिटात, मग स्टीलच्या डब्यात. पूजेसाठी सर्वांत झिजलेले दोन-तीन रुपये वेगळे काढा. कानबाईला, आखाजीला (अक्षय्य तृतीयेला), लक्ष्मीपूजनाला तेच मांडा. पंचामृत, हळद-कुंकू लागलं तर लगेच साध्या पाण्यानं धुऊन पुसून कोरडे करा.

आणि डब्यात एक वही ठेवा. नाण्यावर राजा कोण ते लिहिलेलंच असतं, नाणं घरात कुठून आलं ते कुठेच लिहिलेलं नसतं. माझ्या वहीतली पहिली ओळ अशी आहे: "राणी, मुकुट आहे, १८६२, सालाखाली दोन ठिपके, ११.४१ ग्रॅम. आजीला तिच्या आईनं धरणगावहून आखाजीला येताना दिला." आजीचं नाव तिच्याखाली लिहिलं आहे.